वकील आणि मास्तरांची कवळी

कवळीवाल्या बाईंच्या कामाच्या खोलीत दात खणांमध्ये राहतात. वरचे एका खणात, खालचे दुसऱ्यात, सुळे वेगळे, दाढा वेगळ्या, आणि प्रत्येक खणात रंगांचे कप्पे: दुधी, पिवळसर, सिगारेट ओढणाऱ्याचा. एकोणतीस वर्षं बाई या खणांमधून दात निवडतात, मेणावर बसवतात, गुलाबी हिरडीत पक्के करतात आणि वरच्या मजल्यावरच्या दवाखान्यात पाठवतात. खोलीच्या मागे अंगण, अंगणापलीकडे त्यांचं घर. घरापासून कामापर्यंत तेवीस पावलं. बाईंनी मोजली आहेत. कवळी अर्धा मिलिमीटर उंच झाली तर माणूस दिवसभर चिडतो, असं त्या गिऱ्हाइकाला सांगतात आणि वर जोडतात, "आमच्याकडे एक जण कवळी न घालताच चिडतो."

हा एक जण म्हणजे त्यांचे यजमान. बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळ्यांचे ड्रायव्हरसाहेब. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे फक्त एकच काम उरलं होतं, बाईंच्या कामाबद्दल मत देणं. पाच महिन्यांपूर्वी त्यांना दुसरं मिळालं.

लेकीची बदली झाली. नव्या इमारतीत कुत्रं चालत नाही, म्हणून ती तिचा वर्षभराचा कुत्रा "आई, आठच दिवस" म्हणून ठेवून गेली. आठ दिवसांनी फोन आला तेव्हा तिने विषय हवापाण्यावर नेला. कुत्रा अंगभर काळा, गळ्याखाली दोन पांढरे पट्टे. ड्रायव्हरसाहेबांनी बघताक्षणी त्याला वकील म्हटलं आणि तेच नाव राहिलं.

वकिलाला खेळ अर्धाच येत होता. चेंडू टाकला की तो बाणासारखा सुटायचा, उचलायचा, ऐटीत परत यायचा आणि चार पावलांवर थांबायचा. पुढचे पाय पसरायचे, बूड वर, शेपूट गरगर. हात पुढे केला की धूम. ड्रायव्हरसाहेब मागे पळायचे.

"वळणावर गाठतो बघ त्याला!" ते ओरडायचे.

"अहो, त्याला ब्रेक आहेत, तुम्हाला नाहीत," बाई खिडकीतून म्हणायच्या.

तिसऱ्या फेरीला साहेब पायरीवर बसायचे आणि वकील चेंडू त्यांच्यापासून बरोबर चार पावलांवर ठेवून वाट बघायचा. उठा की, असा चेहरा.

इथवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडवलं ते बाईंनीच. रबरी हाड वकिलाने दोन दिवसांत फस्त केलं, तेव्हा त्यांनी साच्यात वाकडी झालेली, टाकाऊ कवळी त्याला खेळायला दिली. घट्ट होती, फुटत नव्हती आणि हाताशी होती. वकील तिच्यावर खूश झाला. तिचा वास, तिची चव, दातांनी दात धरायची मजा, सगळं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. टाकाऊ कुठली आणि गिऱ्हाइकाची कुठली हे मात्र त्याला कुणी सांगितलं नाही.

महिनाभरात व्हायचं ते झालं. कामाच्या टेबलावरची एक तयार कवळी गेली आणि तीन तासांनी पाण्याच्या टाकीमागे सापडली. समोरच्या दोन दातांचा चुरा झाला होता.

वरच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्या खाली आल्या, टाकाऊ कवळीची हकिकत ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, तुम्ही त्याला कवळी खेळायला दिलीत? तुम्ही?"

"चुकलं."

"एखादा दात त्याच्या घशात अडकला असता म्हणजे? आणि पेशंटला मी काय सांगू, तुमचे दात कुत्र्याने नेले? पंधरा दिवस देते. त्यात त्याने वस्तू परत द्यायला शिकलं पाहिजे. नाहीतर त्याची दुसरीकडे सोय करा."

दुसरीकडे म्हणजे बाईंच्या दिराकडे. दिराच्या शेतावर तीन कुत्रे आहेत आणि तिन्ही दिवसभर साखळीला. बाईंनी ते पाहिलेले होते. टाकाऊ कवळी त्याच दिवशी कुलपात गेली.

पहिल्या दिवशी बाईंनी चेंडू त्याच्या तोंडातून ओढून बघितला. वकिलाला वाटलं, रस्सीखेच. दुसऱ्या दिवशी रागावून बघितलं. वकिलाने कान पाडून ऐकून घेतलं आणि चेंडू घेऊन पलंगाखाली गेला. तिसऱ्या दिवशी बाईंनी सारखे दोन चेंडू आणले, एक टाकायचा आणि दुसरा दाखवून पहिला सोडवायचा. दोन्ही एकदम तोंडात मावतात, हा शोध वकिलाने दुपारपर्यंत लावला.

"कायदा कोळून प्यायलाय," ड्रायव्हरसाहेब कौतुकाने म्हणाले.

"तुम्ही त्याच्या बाजूने आहात की माझ्या?"

"मी प्रेक्षक."

पाचव्या दिवशी एक आजीबाई आल्या. त्यांच्या कवळीला तडा गेला होता, पण ती तोंडातून काढून द्यायला त्या तयार नव्हत्या. बोळक्या तोंडाने परक्यापुढे बसायचं म्हणजे काय, हे बाईंना एकोणतीस वर्षं ठाऊक आहे. अशा वेळी त्या मागत नाहीत. स्टुलावर उलट्या वळून बसतात, वाटी पाठीमागे धरतात आणि भलत्याच गोष्टी बोलतात. आजीबाईंना त्यांनी विचारलं, "तुमच्या जिन्याला कठडा आहे का हो?" जिन्याबद्दल आजीबाईंना बरंच म्हणायचं होतं. कठड्यापर्यंत आल्यावर वाटीत टक् झालं. बाईंनी न वळता तडा बुजवला, घासला, वाटी तशीच मागे धरली. कवळी जागेवर गेल्यावरच त्या वळल्या.

वळल्या तेव्हा उंबऱ्यात वकील उभा होता. तोंडात चेंडू. चार पावलांवर.

दोघांची नजर भेटली आणि तो पळाला. बाई त्याच्या शेपटीकडे बघत राहिल्या. एवढी वर्षं माणसांच्या बाबतीत कळलेली गोष्ट कुत्र्याच्या बाबतीत आपण विसरलो, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आपण त्याच्याकडे टक लावतो आणि हात पुढे करतो. म्हणजे पळायची शिट्टीच वाजवतो.

दुपारी त्या अंगणात पाठ करून बसल्या. पाठीमागे वाटी, मांडीवर मेण कापायच्या सुऱ्या पुसायला घेतलेल्या. अकरा मिनिटं गेली. मग मानेवर गरम श्वास, थोडी कुरकुर आणि टक्. बाईंनी मागे न बघता उकडलेल्या अंड्याचा तुकडा दिला आणि लगेच चेंडूही परत दिला.

"घेतलास आणि परत दिलास?" ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "मग मिळवलंस काय?"

"त्याचा विश्वास. आजीबाईंची कवळी मी ठेवून घेतली असती तर त्या पुन्हा आल्या असत्या का?"

चार दिवसांत वकील दहापैकी दहा वेळा वाटीत टाकू लागला. चेंडू, मग दोरी, मग चप्पल. साहेबांनीही वाटी घेऊन बघितलं, पण त्यांना मागे वळून बघायचा मोह आवरेना. बत्तीस वर्षं आरशात मागचं बघत आलेला माणूस! वळले की वकील पसार. शेवटी बाईंनी त्यांना पाठ केली की डोळे मिटायचा हुकूम दिला. अकराव्या दिवशी बाईंनी कुलपातली वाकडी कवळी काढली. ती द्यायला वकिलाने अर्धा तास घेतला, पण दिली.

तेराव्या दिवशी मास्तर आले. निवृत्त मुख्याध्यापक, आवाज अजून शाळेतला. त्याच दिवशी पाच वाजता त्यांच्या जुन्या शाळेत त्यांचं भाषण होतं, आणि नवी कवळी डावीकडे टोचत होती. त्यांनी ती काढून टेबलाच्या कडेवर ठेवली आणि खिशातून रुमाल काढायला मान वळवली. तेवढं पुरलं.

मास्तर उठून काहीतरी ओरडले. दातांशिवाय केलेल्या त्या गर्जनेतला एकही शब्द कुणाला कळला नाही, अर्थ मात्र सगळ्यांना कळला. डॉक्टरीणबाई धावत जिना उतरल्या. ड्रायव्हरसाहेब अंगणाच्या तोंडाशी हात पसरून वाकले. मधोमध वकील, तोंडात मास्तरांचं अख्खं हसू, बूड वर, शेपूट गरगर. पाच महिन्यांत त्याला एवढे गडी एकदम कधी मिळाले नव्हते.

"कुणी हलायचं नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा."

"मावशी..."

"भिंतीकडे. तुम्हीही, मास्तर."

तीस वर्षं पोरांना भिंतीकडे तोंड करून उभं करणारे मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. साहेबांनी डोळेही मिटले. बाई पायरीवर पाठ करून बसल्या, वाटी मागे धरली आणि म्हणाल्या, "अहो, जिन्यातला दिवा बदललात का?"

"बदलतो ना," साहेब भिंतीला म्हणाले.

"गेल्या मंगळवारपासून ऐकतेय."

नखांचा आवाज जवळ आला. थांबला. दूर गेला. पुन्हा जवळ आला.

टक्.

डॉक्टरीणबाईंनी वळून बघितलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. तो पुरता टाकून व्हायच्या आत बाईंनी वाटी पुढे केली आणि मास्तरांची कवळी वकिलाला परत दिली.

"मावशी!"

बाईंनी वाटी पुन्हा मागे धरली. हात स्थिर होता, पण ओठ आवळलेले. वकिलाने कवळी घेतली, अंगणाला एक फेरी मारली, टाकीपाशी थबकला. टाकीमागची जागा त्याच्या ओळखीची होती. मग तो परत आला आणि कवळी वाटीत टाकली. या वेळी त्याला अंडं मिळालं, कवळीच्या जागी चेंडू मिळाला आणि तो उड्या मारत गेला.

"हातात आली होती ना एकदा!" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला होता.

"आली होती. ठेवून घेतली असती तर पुढच्या वेळी त्याने आणली नसती."

"पुढची वेळ येणार आहे?"

खोटं बोलून चाललं असतं. बाई म्हणाल्या, "येणार. कुत्रा आहे तो."

डॉक्टरीणबाईंनी कवळी उजेडात धरली, उलटी केली. गुलाबी भागावर एक बारीक ओरखडा, दात सगळे जागच्या जागी. "दाराला कमरेइतकं फाटक बसवा," त्या म्हणाल्या. "आणि त्याला शेतावर पाठवायची घाई नको." एवढं बोलून त्या वर गेल्या. ड्रायव्हरसाहेब फाटकाचं माप घ्यायला टेप शोधू लागले, डोळे आता उघडून.

मास्तर अजून भिंतीकडे तोंड करून उभे होते. वळा असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बाईंनी कवळी तीनदा घासली, वीस मिनिटं जंतुनाशकात ठेवली, ओरखडा चाकावर घालवला आणि डावीकडची कड जराशी उतरवली. मास्तरांनी ती बराच वेळ हातात धरून बघितली. दुसरी करायला चार दिवस लागणार होते आणि भाषणाला दोन तास होते. त्यांनी डोळे मिटून ती बसवली, जबडा दोनदा उघडमीट केला आणि उंबऱ्यात आलेल्या वकिलाकडे वळले.

"बस खाली!" मास्तर म्हणाले. प्रत्येक अक्षर सुटं आणि स्वच्छ.

वकील बसला नाही. ते त्याला अजून कुणी शिकवलं नव्हतं.