सभागृहातला खांब

माझे वडील सोनईजवळच्या आमच्या गावात शाळेवर चित्रकला शिकवत. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. शाळेला नवं सभागृह बांधायचं ठरलं तेव्हा नकाशा त्यांनीच काढला.

त्याच वर्षी मस्कतला नोकरीला असलेल्या मामाने आम्हाला एक कॉम्प्युटर आणून दिला. नुसता कीबोर्डच तो; टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम कॅसेटवरून भरायचा. त्यात एक त्रिमिती चित्रं काढायचा प्रोग्राम होता. प्रत्येक कोपऱ्याचे लांबी, रुंदी, उंची असे तीन आकडे द्यायचे, मग कुठला कोपरा कुठल्याला जोडायचा ते सांगायचं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांचा पिंजरा उभा राहायचा. तो हव्या त्या बाजूने बघता यायचा. मी अकरावीत होते. महिनाभर खपून मी अण्णांचं अख्खं सभागृह त्यात घातलं आणि एका कॅसेटवर साठवून ठेवलं.

शाळा कमिटीचे अध्यक्ष घरी आले तेव्हा अण्णाच कौतुकाने म्हणाले, "दाखव गं यांना."

मी बघणाऱ्याची जागा मागच्या कोपऱ्यात नेली. मुली तिथेच बसणार होत्या. रेघा सावकाश उमटल्या. स्टेजच्या बरोबर पुढे खांब.

अध्यक्ष शेतकरी माणूस. पुढे वाकून म्हणाले, "गुरुजी, मंग पोरींना स्टेज दिसायचंच न्हाई की."

"मशीन आहे ते. त्याला काय कळतंय?" अण्णा म्हणाले.

"आकडे तुमच्याच नकाशातले आहेत, अण्णा," मी म्हणाले. मी गप्प बसायला हवं होतं, असं आई पुढे कित्येक वर्षं ऐकवत राहिली.

दोन दिवसांनी ती कॅसेट लावली, तर पडद्यावर काहीच येईना. टेपचा आवाज वाढवला. रेडिओवरची भजनं. दुसऱ्या बाजूलाही तीच.

अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. "तुम्ही पुसलंत?" मी विचारलं.

"कोरी वाटली," ते मान वर न करता म्हणाले.

कॅसेटवर मी ठळक अक्षरात 'सभागृह' लिहिलं होतं.

मामा पुढच्या खेपेला आला तेव्हा अभ्यास बुडतो म्हणून कॉम्प्युटर त्याला परत दिला गेला. सभागृह खांबासकट बांधलं. बारावीनंतर मला आर्किटेक्चरला जायचं होतं, अण्णांनी डी.एड.चा फॉर्म आणला. मी तो मुकाट्याने भरला. त्याचाच राग मला जास्त येतो.

आयुष्यभर पहिली-दुसरीचे वर्ग शिकवून मी निवृत्त झाले. अण्णा आता माझ्याकडेच असतात. मध्यंतरी मोबाईलवर त्या जुन्या प्रोग्रामचा व्हिडिओ सापडला. हौशी माणसं अजून तो चालवतात. मी अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला.

"असलं काहीतरी तू करायचीस ना?"

"करायचे."

"मग सोडलंस कशाला? चिकाटीच नव्हती तुझ्यात."

मी त्यांच्या हातावर दुपारच्या गोळ्या ठेवल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. त्यांच्या ते लक्षातही आलेलं नाही.