आत्याने राखलेला तरवा

आत्या गेल्याची तार आली तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, पडवीत नांगराला खुंटी ठोकत होते. पुढे रत्नागिरीच्या कॉलेजात शोकसभा झाली. बोलणारा प्रत्येक जण म्हणाला, "बाई फार शांत, कधी उलटून बोलल्या नाहीत." साफ खोटं! माझी आत्या भांडखोर होती, आणि ते लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती परिचर होती. काचा धुवायच्या, पानांचे पातळ काप काढून सरांना सूक्ष्मदर्शकाखाली लावून द्यायचे. सर उठले की ती स्वतः डोळा लावायची. ब्याऐंशी सालची गोष्ट असेल. संगमेश्वरजवळच्या आमच्या शेतात भाताचा तरवा, म्हणजे लावणीसाठी वाफ्यात पेरलेली रोपं, वीतभर वाढला होता, आणि जुन्या वाणाच्या रोपांवर बारीक तपकिरी ठिपके उठले. शेतीखात्याचे साहेब म्हणाले, हा बुरशीचा करपा आहे, उपटून जाळा; शेजारचा नवा वाण बघा कसा स्वच्छ आहे. दादा उपटायला लागले, तोच आत्या एसटीतून उतरली. चार पानं उजेडात धरून तिने निरखली आणि चांगल्या पातळासकट वाफ्यात फतकल मारून बसली. "आधी मला उपट, दादा."

"वर्साचं भात हाय ह्यात, गो!" दादा ओरडले.

"म्हणून तर सांगत्ये. असली पानं काचेखाली शंभरदा बघितली हायेत मी. करपा पडला हे खरं. पण जिथं पडला तिथल्या पेशी आपणच मेल्या, त्याला खायला काय ठेवलं नाय. म्हणून ठिपका वाढत नाय. रोप लढतंय, नि तू त्यालाच जाळतोस?"

दादांनी शिव्या घातल्या, पण तरवा ठेवला. श्रावणात तो स्वच्छ वाण उभा करपला; ठिपकेवाल्या भातावर आम्ही वर्षभर जेवलो. गावाला मात्र दादा सांगत, "कॉलेजच्या सरांनी सांगितलं." काचा धुणाऱ्या बहिणीचं ऐकलं, हे त्यांच्या जिभेवर येईना. आत्याला ते झोंबायचं. "पानाला कळतं काय, कोण बघतंय ते?" ती फणकारायची... तो राग मनात घेऊनच ती गेली, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं.

परवा तरव्यावर पुन्हा ठिपके आले. नवे साहेब बांधावर उभे राहून म्हणाले, उपटा. दादा हलले नाहीत.

"कोणी सांगितलं तुम्हाला, ठेवा म्हणून?" साहेबांनी विचारलं.

वाडीतली चार माणसं ऐकत होती. दादांनी डोक्यावरचं इरलं मागे सारलं आणि पलीकडच्या बांधापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माज्या भैनीनं."