आत्याने दिलेला, मी केलेला राजीनामा

आमच्या घराण्यात राजकारणात गेलेली एकच व्यक्ती, सुमनआत्या, आणि तिची आयुष्यभराची अब्रू मी एका दुपारी हारतुऱ्यांसकट, माइकवरून घालवली.

आत्या मध्य प्रदेशात देवासला असते. कधीकाळी तिथल्या नगरपालिकेत पार्षद होती. (पार्षद म्हणजे नगरसेविका. पुण्याकडच्या नातेवाइकांना हे दर लग्नात नव्याने समजावावं लागतं.) मी धारला कॉलेजात हिंदी शिकवते. सार्वजनिक जीवनात वावरलेल्या इकडच्या बायकांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकून जपून ठेवायच्या, असं आमच्या कॉलेजने ठरवलं. प्राचार्य म्हणाले, "मराठी किसको आती है?" माझा हात सगळ्यांच्या आधी वर! शाळा हिंदी, कॉलेज हिंदी, नवऱ्याशी भांडण हिंदीत. पण आरत्या आणि हळदीकुंकू मराठीत. आणखी काय लागतं हो माणसाला?

मोबाइल घेऊन देवास गाठलं. आत्याने आधी पोहे खायला घातले, वर मूठभर शेव, आणि मग पदर सावरून ताठ बसली.

"हे बघ माधू, बाकी काही चुकलं तरी चालेल. साल चुकव, वॉर्ड चुकव, माझं वय तर चुकवच. पण हातपंपाची गोष्ट नीट लिही. माझ्याजवळ सांगण्यासारखी तेवढी एकच आहे गं."

"आत्या, तू चिंता नको करू! मी बसलेय ना!" (हे वाक्य मी म्हटलं की आमच्या घरी सगळे चिंता करायला लागतात.)

आत्या सुरू झाली. "आमच्या चौकात हातपंप मंजूर झाला होता. बायका केवढ्या लांबून पाणी आणायच्या! आणि नगरपालिकेच्या अध्यक्षाने तो पंप गुपचूप नेऊन स्वतःच्या मेव्हण्याच्या दारात लावला. मी भर मीटिंगमध्ये उठले. म्हटलं, हे घ्या! आणि टेबलावर राजीनामा आपटला!"

"बाप रे! मग?"

"मग काय, मोहल्ल्यातल्या बायका मडकी घेऊन त्या मेव्हण्याच्या दारात जाऊन बसल्या. पंप आला मुकाट्याने चौकात! मला पुन्हा कधी तिकीट मिळालं नाही, ते नाहीच. पण अजून लोक त्याला 'बाईसाब वाला पंप' म्हणतात."

एवढं बोलून तिने चष्मा पुसला. मीही उगाच मोबाइलची काच पुसली.

आता 'राजीनामा' हा शब्द माझ्या इतक्या ओळखीचा, की अर्थ विचारायचा प्रश्नच नव्हता. आमचे हे धारच्या कोर्टात वकील. संध्याकाळी बूट काढता काढता सांगतात, "आज दो राजीनामे करवा दिए." म्हणजे दोन्ही पार्ट्यांनी भांडण मिटवलं, हात मिळवले, केस खलास! लग्न झाल्यापासून हेच ऐकत आलेय. मराठीत राजीनामा म्हणजे खुर्चीला लाथ, हे मला कोण सांगणार? खुर्ची सोडण्याला आमच्याकडे 'इस्तीफा' म्हणतात, आणि आमच्या घरात आजवर कुणी कशाचाही दिलेला नाही. दिलजमाई करताना टेबलावर आपटतात कशाला, असं क्षणभर मनात आलं. पण आत्या पाण्याचा ग्लाससुद्धा आपटूनच ठेवते.

मी हिंदीत सुरेख लेख लिहिला. बाईसाहेबांनी मोठ्या मनाने अध्यक्षांशी 'राजीनामा किया', आणि पंप परत आला. मडकी घेऊन बसलेल्या बायकांचं मला जरा कोडं पडलं, तेव्हा मी लिहिलं, 'महिलाओं ने कलश लेकर स्वागत किया.' वाचून मी स्वतःच दोनदा वाहवा म्हटलं.

मग कॉलेजात सत्काराचा कार्यक्रम ठरला. आत्याच्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स मी स्वतः बनवून घेतला. खाली ठसठशीत अक्षरं: 'समझौते की देवी'! आणि प्रमुख पाहुणे कोण? अहो, तेच माजी अध्यक्ष, माझा लेख आधीच पाठवून बोलावलेले! दिलजमाई झालेली माणसं, इतक्या वर्षांनी भेटतील, गळ्यात पडतील, प्राचार्यांचे डोळे पाणावतील, असा माझा हिशेब. आत्याला यातलं काहीच सांगितलं नाही. म्हटलं, सरप्राइज!

आत्या आली ती काळा चष्मा लावून, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. फ्लेक्ससमोर उभी राहून म्हणाली, "फोटो चांगला आलाय हो! खाली काय लिहिलंय गं?"

"ते नंतर सांगते!"

सूत्रसंचालन अर्थात माझंच. मी आवाज चढवून म्हटलं, "और तब बाईसाहब ने, भरी सभा में, राजीनामा..." 'किया' टाळ्यांत बुडालं. हॉलने हिंदीत ऐकलं, आत्याने मराठीत ऐकलं, आणि दोघेही खूश! आत्याने मान ताठ करून नमस्कार केला. एका शब्दात दोन भाषा जिंकणारी मी पहिलीच असेन. तिथेच थांबले असते तर आज ही गोष्ट सांगावी लागली नसती.

मग प्रमुख पाहुणे उठले. वय झालेलं, हातात काठी, पण माइक दिसताच काठी बाजूला! "बहनजी का दिल बड़ा है. हमसे समझौता कर लिया, बात वहीं खतम. और वो कलश लेकर मेरा स्वागत! सच कहूँ, मुझे तो याद ही नहीं था कि मेरा इतना स्वागत हुआ था!" त्यांनी रुमाल काढून डोळे टिपले.

आत्याने माझा हात करकचून धरला. "हा तोच ना? आवाजावरून ओळखलं मेल्याला! काय म्हणतोय? कुणी केला समझौता?"

"तूच ना आत्या! तूच तर सांगितलंस, राजीनामा केला म्हणून!"

"केला? अगं केला नाही, दिला! दिला! खुर्ची सोडली मी!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तोही असा, की डोळ्यांपुढे अंधारीच आली! धरणीने पोटात घ्यावं म्हणून मी खाली पाहिलं, तर खाली कॉलेजची लाल सतरंजी. आत्याचा आवाज एकदम बारीक झाला. "एकच गोष्ट होती गं माझ्याजवळ. तीसुद्धा त्याला देऊन टाकलीस?" आजवर कुणाच्या रागावण्याने मला रडू आलं नव्हतं, त्या बारीक आवाजाने आलं.

पण ती माझी आत्या! रडत बसेल कशाला? उठली, तरातरा माइकशी गेली आणि पाहुण्यांना म्हणाली, "भिया, हटो जरा! समझौता नहीं, इस्तीफा दिया था मैंने! इस्तीफा! अध्यक्षजी, आप खुद बताओ. और सच बोलना, इस उमर में झूठ पचता नहीं है."

पाहुण्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, शेवटी आत्याकडे पाहिलं.

"इस्तीफा ही था," ते म्हणाले. "ऐसा पटका, ऐसा पटका, कि मेरी चाय उलट गई! नया सफारी सूट था. दाग आज तक नहीं गया!"

"और वो कलश?"

"काहे के कलश, मटके थे! साले की घरवाली आज भी मुझे सुनाती है!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! पोरींनी शिट्ट्यासुद्धा मारल्या. प्राचार्यांचे डोळे खरंच पाणावले. (हसून.) कॉलेजच्या रेकॉर्डिंगमध्ये आत्याचा इस्तीफा आता खुद्द अध्यक्षांच्या तोंडून, सफारीच्या डागासकट पक्का झाला. चहाच्या वेळी ते आत्याजवळ येऊन बसले. आत्याने त्यांचा कप तेवढा लांब सरकवला. आमचे हे मागून माझ्या कानाशी पुटपुटले, "देखो, अब हुआ राजीनामा!"

आत्याला देवासला सोडायला निघालो. पीथमपूरच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या बसेसमध्ये गाडी अडकली, आत्या खिडकीबाहेर बसेस मोजत बसली. मी भीत भीत म्हटलं, "आत्या, रागावलीस?"

"हिंदीत शिक्षा कुठवर झाली गं तुझी?"

"पीएचडी."

"हं. मग आता मराठीतली सुरू."

तेव्हापासून दर रविवारी मी देवासला जाते. आत्या शुद्धलेखन घालते, चुकलेला शब्द पुन्हा पुन्हा लिहायला लावते, आणि बरोबर आलं तरच पोह्यांवर शेव पडते. गेल्या रविवारी मी कोरडे पोहे पुढ्यात घेऊन वैतागले, पेन टेबलावर आपटलं आणि म्हटलं, "आत्या, बस झालं! मी राजीनामा देते!"

आत्याने शेवेचा डबा उघडला आणि शांतपणे विचारलं, "कोणता? मराठीतला की हिंदीतला?"

मी शेवेकडे पाहिलं, थोडा विचार केला, आणि हिंदीतला केला.