ड्रॉ म्हणजे ओढणे

"वाक्य इंग्रजीत बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "तुझ्या तोंडी चूक आहे."

मालवणचं हायस्कूल. नववीचा वर्ग. गोवा मोकळा व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. इंग्रजीच्या मास्तरांनी फळ्यावर एकच क्रियापद लिहिलं होतं. ड्रॉ. प्रत्येकानं त्याचं एक वाक्य करायचं. कुणी चित्र काढलं, कुणी रेघ मारली, कुणी तलवार उपसली. वकिलांच्या मुलीनं खिडकीचा पडदा ओढला. मास्तर खूश होते. मग माझी पाळी आली. मी शेवटच्या बाकावरून उठले आणि म्हणाले, आय ड्रॉ वॉटर फ्रॉम द वेल.

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला.

"तू कुठे काढतेस? तुला दुसरे वाढतात. कर्मणी प्रयोग कर. वॉटर इज ड्रॉन फॉर मी. ये, फळ्यावर लिही."

वर्ग हसला. मी गेले आणि लिहिलं. वळणदार अक्षरात लिहिलं. मास्तर म्हणाले, अक्षर छान आहे हो.

हसल्याचं दुःख नव्हतं. मी लिहिलं, त्याचं होतं. आणि मास्तर खोटं बोलले नव्हते, त्याचंही.

आम्ही महार. गाव मालवणपासून दोन कोसांवर. गावच्या विहिरीवर आमच्या वाडीतल्या बायका कठड्यापासून दहा हात लांब कळशा मांडून बसायच्या. पाणी काढायला आलेल्या बायकांपैकी एखादीला वाटलं तर ती वरून धार सोडायची. नाही वाटलं तर बसून राहायचं. माझी आये दर वेळी तेच म्हणायची, "बाईनु, वायच पाणी घाला." वायच म्हणजे थोडंसं. जास्त मागायची तिला सवयच नव्हती.

रविवारी मी मसुऱ्याला मामाकडे चालत गेले. मामा पलटणीतून निवृत्त झालेला. त्याला शब्द विचारला. तो म्हणाला, पलटणीत सगळं ड्रॉच करायचं असतं. राशन ड्रॉ, कपडे ड्रॉ. मग त्यानं पेटीतून जाडजूड डिक्शनरी काढून दिली. मी पडवीत बसले. एका शब्दाला तीन पानं. श्वास घेणं म्हणजे ड्रॉ. पगार उचलणं म्हणजे ड्रॉ. दात उपटणं, गाडी ओढणं, माणसं खेचून आणणं, खेळात बरोबरी होणं. अर्थ संपेनात. सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरांत, शब्द कुठून आला ते दिलं होतं. जुना अर्थ ओढणं. फरफटत नेणं. ड्रॅग हा शब्द त्याचाच भाऊ.

मी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. तेच होतं.

ओढणं आमच्या घरात होतं. गावात कुणाचं ढोर मेलं की सांगावा बाबांना यायचा. पायांना दोर बांधायचा आणि गावाच्या वाटेनं खाडीपर्यंत ओढत न्यायचं. बाबांच्या खांद्यावर दोराचा वळ कायमचा होता. एका क्रियापदाचे दोन अर्थ गावानं वाटून घेतले होते. पाणी ओढायचं त्यांनी. मढं ओढायचं आम्ही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते माडाच्या झावळ्या विणत होते. हात थांबले. "म्हंजे इंग्रजीतय आमचोच दोर आसा?" एवढंच विचारलं. मग पुन्हा विणायला लागले. मला वाटलं, विसरले.

विसरले नव्हते. फाल्गुनात गावकराचा बैल मेला. गावकर म्हणजे गावचा मानकरी, त्याचा शब्द मोडत नसत. त्याचा गडी सांगावा घेऊन आला. बाबा उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "मी आता ओढूचंय नाय."

दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर आमच्या कळशीत थेंब पडला नाही. आये सकाळपासून दुपारपर्यंत बसायची आणि रिकामी कळशी घेऊन यायची. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, डबक्यातलं गढूळ पाणी गाळून प्यायलो. धाकट्या भावाला हगवण लागली. चौथ्या दिवशी मी आयेबरोबर गेले.

बायका पाणी काढत होत्या. आमच्याकडे बघत नव्हत्या. मी उठले. ठरवून उठले, असं म्हणता येणार नाही. पाय निघाले. कप्पीवरचा दोर धरला, बादली सोडली. मला येत नव्हतं. शाळेत छातीठोक वाक्य सांगितलं होतं, पण आयुष्यात कधी दोर हातात धरला नव्हता. बादली दगडांवर आपटत वर आली तेव्हा अर्धी सांडली होती. एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "चेडवा, सोड ता. बाव बाटली." बाव म्हणजे विहीर. मी उरलेलं पाणी आयेच्या कळशीत ओतलं. आयेनं कळशी सोडली नाही.

त्याच दुपारी गावातली माणसं आमच्या घरात आली. चुलीपर्यंत शिरली. मडकी फोडली. बाबांचं डोकं फुटलं.

आठवड्यानं गावकर स्वतः वाडीच्या कडेला आला. काजूच्या सावलीत उभा राहून समजुतीनं बोलला. ढोर ओढू नका, म्हणाला, त्याचं आम्ही बघू. रोज सकाळी एक बाई नेमून देतो, हवं तेवढं पाणी ती घालेल. फक्त दोराला हात लावू नका.

हवं तेवढं पाणी. पोरं तहानलेली. बाबांनी डोक्याच्या फडक्याला हात लावला आणि खाली बघितलं. मला वाटलं, आता हो म्हणतात. मी तोंड उघडणार, त्याआधी आये पुढे झाली. गावकरासमोर ती कधी बोलली नव्हती.

"घातलला पाणी नको. उद्या सकाळी आमी येतलंव."

"येवा," तो म्हणाला. "मगे बघू."

सकाळी आम्ही सात जणी निघालो. विहिरीशी काठ्या घेऊन माणसं उभी होती. आये थांबली नाही. मीही थांबले नाही. त्या दिवशी माझं उजवं मनगट मोडलं. परीक्षा हुकली, वर्ष बुडालं, पुढच्या साली पुन्हा नववीत बसले. पण त्याआधी, तिसऱ्याच दिवशी, डाव्या हातानं पाणी काढलं. आयेनं दोर धरायला मदत केली.

मनगट अजून पूर्ण वळत नाही. ते बघून कुणी कुणी हळहळतात. म्हणतात, थोडी सबुरी धरली असती तर गाव आपोआप सुधारला असता. असं सांगणारे अजून भेटतात. मी सबुरी धरणार नाही.