वाचून दाखवल्याशिवाय सही नाही

धारवाडच्या सुभाष रोडवर एका दुकानाच्या कट्ट्यावर अंबूताई टाइपरायटर मांडून बसायच्या. कोर्टाचे इंग्रजी अर्ज टाइप करणं हा त्यांचा धंदा, आणि एक नेम ठरलेला: अर्ज झाला की माणसाला मराठीत नाहीतर कन्नडात वाचून दाखवायचा, मगच सही. कुणी घाई केली की झापायच्या, "न ऐकता सही करतोस? म्हशीशी लग्न लावलंय असं लिहिलं असलं तर?"

१९७८ साली अर्जाची पाळी त्यांच्याच घरावर आली. धाकटा भाऊ प्रभंजन विलायतेत व्हॅन चालवायचा. तिथं एक तरुण त्याच्या गाडीखाली सापडून गेला आणि हा गडी भिऊन थेट धारवाडला पळून आला. अक्कापाशी रडून सगळं कबूलही केलं. चार वर्षं गेली, तो हुबळीला दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानात रुळला आणि तेव्हा दिल्लीहून कागद आला. तिथलं सरकार त्याला खटल्यासाठी मागत होतं. हरकत असेल तर मांडा म्हणे.

अंबूताई भडकल्या. "आपलं माणूस परक्याच्या हाती द्यायचं? आपल्याकडं काय न्यायाधीश मेलेत?"

वकील गुरुराव शांतपणे म्हणाले, "अंबूताई, चालवू की खटला इथं. पण साक्षीदार सगळे तिकडं. ज्या बाईचा मुलगा गेला, ती धारवाडला येणार का?"

"न येईना का!" अंबूताई म्हणाल्या. बहीण होती हो ती, दुसरं काय बोलणार?

गुरुरावांनी अर्जाचा मसुदा दिला: नागरिक इथला आहे, खटला इथंच चालवा. टाइप करताना अंबूताईंनी आपल्या मनानं एक वाक्य घुसडलं: गाडी प्रभंजन चालवत नव्हता. जन्मात पहिल्यांदा त्यांनी खोटं टाइप केलं.

संध्याकाळी प्रभंजन सहीला आला. पेन उघडून बसला. अंबूताईंना नुसतं बोट ठेवून 'कर इथं' म्हणता आलं असतं. पण वीस वर्षांची सवय, तोंड आपोआप सुरू झालं. त्या वाक्याशी आवाज अडखळला, तरी वाचलं.

प्रभंजननं पेन मिटलं. "अक्का, मीच चालवत होतो. हे त्या बाईच्या कानावर गेलं तर तिला काय वाटंल? मी जातो."

अंबूताईंनी त्याला कवटाळून हंबरडा फोडला. गुरुराव मात्र कामाला लागले. कोर्टात दुभाष्या मिळेल आणि शिक्षा संपली की परत पाठवतील, हे दोन्ही लेखी घेतल्याशिवाय त्यांनी त्याला हलू दिलं नाही. देवमाणूस! अंबूताई मरेपर्यंत त्यांचं नाव हात जोडून घ्यायच्या.

१९८२ ला प्रभंजन सुटून आला, वाळलेला पण ताठ. जेवता जेवता त्यानं सांगितलं, "अक्का, त्या पोराची म्हातारी आई रोज पहिल्या बाकावर बसायची. मी गुन्हा कबूल केला तेव्हा रडली आणि जाताना माझ्याकडं बघून मान डोलावून गेली. तू वाचून दाखवलंस म्हणून गं."

अंबूताईंनी त्याच्या भातावर तूप वाढलं. "माझं काय कौतुक करतोस? मी खोटं लिहून बसले होते. तू सही केली नाहीस, बाळा, तुझे उपकार झाले माझ्यावर."