सुधाकरच्या वॉकीटॉकीत माझी चिंगी

मित्रांनो, आज डोकं सरकलंय.

तळेगावच्या कापूस जिनिंगचा चौकीदार आमच्या वर्ध्याच्या दुकानात नवा वॉकीटॉकी घेऊन आला. "आवाज खरखरून राह्यला, भाऊ."

या जिनिंगला वॉकीटॉकी पुरवायचं काम माझ्या हातून गेलं, ते सुधाकरला, माझ्या जिवलग दोस्ताला मिळालं.

केबल लावून सेटमधली चॅनेलं कॉम्प्युटरवर उघडली. समोर मीच जिनिंगला दाखवायच्या नमुन्यासाठी बनवलेली नावं: फाटक, काटा, प्रेस. शेवटचं, चाचणीपुरतं, लेकीच्या नावाचं: चिंगी!

'शिकतो' म्हणून सुधाकरने माझा नमुन्याचा सेट नेला होता. चॅनेलं कॉपी करायची केबलही मीच दिली.

सुधाकरला फोन केला. म्हणाला, "ते नाव बदलवाचं राहूनच गेलं यार!"

एवढंच चुकलं त्याचं?

चिंगी त्याला काका म्हणते. सांगा, ते नाव पुसू, की त्याच्या सेटमध्ये राहू देऊ?