काळ्या घोंगडीवरच्या वाती

हे लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे मी आधीच कबूल करतो. ज्यांच्या घरात आजा-पणजापासून दौत-टाक आहे त्यांनी लिहावं. आमच्या घरात खुरपं आणि मोट. अमरावतीच्या बाहेर विहिरीजवळ आमचा मळा. वांगी, मिरच्या, झेंडू पिकवायचे आणि बाजारात नेऊन विकायचे, एवढंच आम्हाला ठाऊक. कॉलेजात आलेला आमच्या घरातला मी पहिला. इथे पुण्यात माझ्या तोंडून चुकून ‘मले’ गेलं की खोलीतली मुलं अजून हसतात. त्यामुळे चार ओळी लिहायच्या म्हटलं तरी हात अडखळतो. शिवाय जिच्याविषयी लिहितो आहे तिने काही मोठं केलं, असं कुणी म्हणणार नाही. ती माझी आत्या. मुलींना अक्षरं शिकवायची आणि आमचं घर सांभाळायची. तिचं आयुष्य त्यातच गेलं. पण ती मला फार आठवते, आणि आठवण मनात ठेवून अभ्यास होत नाही, म्हणून लिहितो. वाचणाऱ्यांनी क्षमा करावी.

आत्या बाबांची थोरली बहीण. बाबा तिला ‘बाई’ म्हणत. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यात तिला दिली होती. लग्न कळायच्या आधीच ती विधवा झाली. सासरच्यांनी तिला ठेवून घेतलं ते शेणगोठ्यासाठी. त्या गावात महानुभावांचा एक लहानसा मठ होता आणि तिथे काळ्या वस्त्रातल्या एक म्हाताऱ्या बाई राहत. त्या पोथी वाचत. आत्या झाडायला म्हणून मठात जाई आणि अक्षरं घेऊन येई. किती वर्षं लागली ते तिलाच आठवत नसे. विचारलं तर म्हणे, “जितकी झाडझूड केली तितकं शिकली. आंगन मोठं होतं रे बापा.”

माझी आई गेली तेव्हा मी रांगत होतो आणि ताई परकरात होती. बाबा बहिणीला आणायला गेले. आत्या आली ती एका लुगड्यावर, पाठीवर एक काळी घोंगडी घेऊन. त्या घोंगडीवरच मी वाढलो.

तिच्या शिकवण्याची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. त्या वेळी मुलींना शिकवायचं म्हटलं की लोक दाराला कडी लावत. पण वाती वळायला मुलगी पाठवा म्हटलं तर कोण नाही म्हणेल? देवाचं काम. दुपारी आजूबाजूच्या मळ्यांतल्या मुली आमच्या ओट्यावर यायच्या. सरकी काढलेला कापूस मांडीवर घासून लांब वाती वळायच्या. आणि मग आत्या काळी घोंगडी पसरायची, त्यावर वाती वाकवून वाकवून अक्षर मांडायची. काळ्यावर पांढरं, ओट्याच्या टोकावरूनही दिसायचं. पाटी नको, लेखणी नको. कुणी पुरुष वाटेने येताना दिसला की एक हात फिरवायचा, अक्षर गेलं, वातींचा ढीग राहिला. जाणारा म्हणायचा, “काय वं बाई, साऱ्या गावच्या देवाले पुरतीन इतक्या वाती वळता!” आत्या म्हणायची, “देव बी तं लय हाय दादा, तेहतीस कोटी.” आणि मुली तोंडात पदर कोंबून हसायच्या.

सगळ्यांत हुशार आमची ताई. तिचा हात असा चाले की आत्या वात वळेपर्यंत ताईचा शब्द मांडून होई. आत्या कधी तिचं तोंडावर कौतुक करत नसे. फक्त मुली गेल्यावर ताईचा शब्द मोडायला तिचा हात होत नसे. तो संध्याकाळच्या दिवेलागणीपर्यंत तसाच राही.

मग कापसाचे दिवस आले. दूर अमेरिकेत गोऱ्यागोऱ्यांत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं, असं मोठी माणसं सांगत. मी लहान होतो. मला आठवतात त्या गाड्या, अमरावतीच्या बाजाराच्या रस्त्यावर एकामागे एक उभ्या, बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या, आणि हवेत उडणारा कापूस, जो नाकात जाई आणि झाडांवर लटकून राही. आमच्यासारख्या माळ्यांनीही वांगी उपटून कपाशी लावली. बाबांनीही लावली. त्या वर्षी आमच्याच घरी भाजी विकत आणायची वेळ आली आणि भाजीवालीने बाबांना सांगितलं, “माळीबुवा, ताजी हाय, पारखून घ्या.” बाबा आठवडाभर बाजाराकडे फिरकले नाहीत.

पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दगड मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग वेचणीला हात लावायचा. त्या दिवशी वेचलेला पहिला ओंजळभर कापूस आत्या विकू देत नसे. भाव कितीही असो. तो वातींचा.

अकोल्याचं स्थळ त्याच दिवसांत आलं. आमच्याच जातीचे, पण कापसाने एका हंगामात वर गेलेले. लग्न थाटात झालं. विधवा म्हणून आत्या मांडवात आली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने अक्षता पाहिल्या.

ताई सासरी गेली आणि काही महिन्यांत तो प्रकार घडला. त्यांच्या घरी बायकांसाठी पोथी चालू होती. वाचणारे बुवा एक दिवस आले नाहीत. बायका ताटकळल्या. ताई नवी नवरी, भोळी. तिने पोथी पुढे ओढली आणि वाचू लागली. बायका डोलल्या म्हणतात. पण त्याच पंधरवड्यात भाऊजींना मुदतीचा ताप आला. मग जे बोलायचं ते बोलणं सुरू झालं.

विहीणबाई गाडी जुंपून आमच्याकडे आल्या तो दिवस मला पक्का आठवतो. पाणीसुद्धा घेतलं नाही त्यांनी.

“वाचनारी बाई नवऱ्याले खाते, हे आमी आयकून होतो,” त्या बाबांना म्हणाल्या. “तुमच्या घरी तं पाहाले दूर जा लागत नाही. चुलीपाशीच बसेल हाय.”

बाबा मान खाली घालून उभे. आत्या आतून आली. विहीणबाईंनी चटकन तोंड फिरवलं.

“पोरीचा काय दोष?” आत्या म्हणाली.

“तिनं आमच्या घरी शपथ घेतली. कागदाले हात लावनार नाही, टाकाले हात लावनार नाही. आता तुमी घ्या.”

“मी काय घेऊ?”

“तुमी आमच्या सुनेचं तोंड पाहाचं नाही. पाहालं तं मी तिले तुमच्या दारात आनून सोडन.”

आत्याने बाबांच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या हाताला सरकीचा एक दाणा चिकटलेला होता, तो बाबांच्या केसांत पडला. “नाही पाहात,” ती म्हणाली. “नांदवा तिले.”

भाऊजी बरे झाले. शपथ मात्र राहिली.

त्यानंतरची आमची दिवाळी मी कशी सांगू? ताई माहेरी यायची तर आत्या घरात असून चालत नव्हतं. म्हणून ताईची गाडी येण्याच्या आदल्या दिवशी आत्या आपल्या जुन्या सासरगावी निघून जायची, ज्या घरी तिला कुणी बोलावलेलं नसायचं. जाताना घोंगडी घडी करून कोपऱ्यात ठेवायची आणि तिच्यावर पहिल्या कापसाच्या वातींची जुडी. ताई आली की आधी त्या कोपऱ्यात जाऊन बसायची. घोंगडी अंगाभोवती घ्यायची, दिवाळीत, जेव्हा थंडी नीट सुरूही झालेली नसे. परत जाताना जुडी घेऊन जायची. दुसऱ्या दिवशी आत्या परत यायची आणि तीच घोंगडी पसरून तिच्यावर निजायची.

मग मला जवळ घेऊन विचारायची. “जाड झाली का वं ती?” मी मुलगा, पण ती लाडात आली की मलाही ‘वं’ म्हणायची. “काय खाल्लं तिनं? भरीत केलं होतं का? कुठी बसली होती? हाताले घट्टे पडले का?” हे सगळं विचारायची. एक गोष्ट मात्र कधीच विचारायची नाही. मला ती कळायला पुष्कळ वर्षं लागली. तिला विचारायचं होतं की पोरीला अक्षरं अजून येतात, की गेली? पण ते विचारलं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

लढाई संपली, कापूस उतरला, बाबांनी पुन्हा वांगी लावली, कपाशीची एक ओळ तेवढी वातींसाठी ठेवली. पुढे अमरावतीत मुलींची सरकारी शाळा निघाली. शिकवायला बाई मिळेना, तेव्हा कुणीतरी शाळाखात्याच्या साहेबांना आमच्या ओट्याविषयी सांगितलं. आत्या शाळेत जाऊ लागली. सकाळी भाकरी थापून जायची, आल्यावर पुन्हा चूल. लोक तिला पंतोजीबाई म्हणत, काही मानाने, काही खिजवायला. ती दोघांनाही ‘ओ’ देई. शाळेत पाट्या होत्या, तरी लहान मुलींना ती आधी घोंगडीवरच बसवी. तिच्या पगारावर मी शिकलो. मी मॅट्रिक झालो तेव्हा तिने काय केलं असेल? पहिल्या कापसाची एक वात माझ्या मनगटाला बांधली आणि म्हणाली, “पुन्याले जाय. मायासारखं आंगन नको झाडू.”

शेकडो मुली तिच्या हाताखालून गेल्या असतील. पण ओट्यावर एखादी चपळ हाताची पोर दिसली की ती मधेच गप्प होई. मग मी समजायचो, ती आता अकोल्यात आहे.

ताईचं माहेरी येणंही पुढे कमी झालं. मुलं झाली, संसार वाढला. काही दिवाळ्यांत आत्या घर सोडून गेली आणि ताई आलीच नाही. रिकाम्या घरी जुडी तशीच पडून. परत आल्यावर आत्या ती उचलून डब्यात ठेवायची. म्हणायची, “पुढच्या साली जाड होईन जुडी.”

मी पुण्याला आलो त्याआधीच तिचे डोळे अधू झाले होते. मोतीबिंदू. निरोप घेताना तिने माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. गेल्या सुट्टीत गेलो तेव्हा तिला काहीच दिसत नव्हतं. शाळा सुटली होती. ओट्यावर बसून ती वाती वळायची आणि घोंगडीवर आपल्याच अक्षरांवरून बोट फिरवायची. मी म्हटलं, “आत्या, ताईला निरोप धाडू का?” ती म्हणाली, “शपथ हाय बापा.” आणि थोड्या वेळाने, “तिचं काही समजलं तं मले सांगजो. कायबी.”

इथे परत आल्यापासून त्या ‘कायबी’ने मला सोडलं नाही. पुस्तक उघडलं की ते दिसे. अकोल्याकडचा कुणी भेटला तर मी विचारत असे. कुणाला काय माहीत असणार?

परवा दुपारी खोलीच्या दारात बाबा उभे. आयुष्यात प्रथम आगगाडीत बसलेले, धोतर कोळशाने काळं, डोक्यावर भाजीची टोपली असावी तसं मुंडासं सावरत. “काय तुमचं पुनं!” ते म्हणाले. “पानी मागतलं तं मले म्हनते, कोन गावचे? म्या म्हनलं, तहानेल्या गावचा.” खोलीतली मुलं हसली. मी हसलो नाही, कारण बाबा खाली बसले आणि मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. सुतक असल्याशिवाय ते परक्या घरात मुंडासं काढत नाहीत.

“बाई गेली,” ते म्हणाले.

मुलं हळूच बाहेर गेली. मी विचारलं, “ताईला कळवलं?”

“आयक तं. मी अकोल्याले गेल्तो, बाई जित्ती असताना. तू गेल्यावर तिनं खानं सोडलं. मले राहावलं नाही. येवढी वर्सं मुंडी खाली घालून होतो, म्हनलं आता जातो. विहीनबाईच्या पाया पडलो. म्हनलं, बाई आता आंधळी झाली, तुमच्या सुनेचं तोंड तिले दिसनार नाही. ते म्हातारी इचारात पडली. मंग म्हने, हो बाप्पा, पाहूच नाही शकत तं शपथ कशी मोडन? ने पोरीले.” बाबांनी डोळे पुसले. “आन् वरून म्हने, आमची सून मोठी देवभोळी. रोज दुपारी पोरीबाळी घेऊन वाती वळत बसते, काळ्या घोंगडीवर. साऱ्या आळीच्या पोरी येतात.”

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

“तुयी ताई आली. धाकटीले घेऊन आली. बाईनं तिचं तोंड चाचपलं. मंग ते धाकटी पोरगी घोंगडीवर बसली, वाती मांडल्या. काय मांडलं मले काय समजते? बाईनं हात नेला. बोट फिरवलं, इकून तिकून. पुन्हा फिरवलं. मी म्हनलं, आता रडन. रडली नाही. म्हने कशी, ‘काना राह्यला वं पोरी.’ अन् तुयी ताई पटकन म्हनते, ‘रोज इसरते, आत्या. रोज सांगतो तिले.’”

बाबांनी हवेत बोटाने एक उभी रेघ ओढली, जशी त्या पोरीने वात मांडली असेल.

“पोरीनं एक वात उचलली अन् बाईच्या बोटापाशी ठेवली. बाईनं चाचपली. म्हने, ‘हां. आता आलं.’”